हेरकथेचा शब्दकोश आणि भीमथडीचा माग

एखादी नामांकित इंग्रजी हेरकथा वर्गांत शिकवावयाची असली म्हणजे शिक्षक कथेला हात घालण्यापूर्वीं फळ्यावर शब्दांची एक यादी लिहून देतात. डाव्या बाजूस क्लू, वॉरंट, अलिबी, मोटिव्ह, एव्हिडन्स. उजव्या बाजूस त्यांचे मराठी प्रतिशब्द. सर आर्थर कॉनन डॉइल यांची 'द साइन ऑफ फोर' ही १८९० सालीं प्रसिद्ध झालेली शेरलॉक होम्सची कादंबरी घेतली, तर या यादीला पार्श्वभूमीच्या शब्दांची आणखी एक पुरवणी जोडावी लागते: आग्र्याचा किल्ला, १८५७ सालचा उठाव, अंदमानांतील बंदिवास, लुटीचा खजिना. ही पुरवणी इंग्रज मुलाला पाठ करावी लागते. आपल्याला ती लागत नाहीं. उलट, आग्र्याच्या किल्ल्यांत पहाऱ्यावर असलेल्या दोघां 'शीख' शिपायांचीं नांवें महंमद सिंग आणि अब्दुल्ला खान अशीं ठेवणाऱ्या डॉइलसाहेबांनाच ती कोणी तरी शिकवावयास हवी होती, असें आपल्याकडील वाचकाच्या मनांत येतें.

श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें फळ्याच्या उजव्या बाजूविषयीं. खून, गुन्हा, फिर्याद, वहीम, झडती, जबानी, मुद्देमाल, पंचनामा, सुगावा, माग हे शब्द कोणा भाषांतरकारानें हेरकथेसाठीं घडविलेले नाहींत. होम्स जन्मास येण्याच्या कितीतरी आधींपासून त्यांतले बहुतेक आपल्या चावड्यांवर नांदत होते, आणि त्यांच्या पाठीशीं एक पुरी व्यवस्था उभी होती. ती व्यवस्था कशी चाले, ती कशी मोडली आणि ती मोडतांना कोणाचा बळी गेला, हें पाहावयास पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांइतका सोयीचा मुलूख दुसरा क्वचितच सांपडेल. भीमा, नीरा व कऱ्हा या नद्यांच्या आसपासचा हा कोरडा, उघडा, दूरवर नजर पोंचावी असा प्रदेश. आजचा बारामती तालुका आणि त्याच्या शेजारचा दौंड यांचा मुलूख पूर्वीं भीमथडी या नांवानें ओळखला जाई. भीमथडीचीं तट्टें मराठी फौजेंत नांवाजलेलीं होतीं. परंतु त्यांच्या टापांपेक्षां आपल्याला येथें माणसांच्या पावलांशीं कर्तव्य आहे.

प्रथम शब्दांची कुळी पाहूं. 'खून' हा शब्द फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता रक्त एवढाच. मराठींत येतांना तो रक्तावरून रक्तपातावर गेला. 'गुन्हा' म्हणजे मूळचें पाप. 'फिर्याद' म्हणजे न्यायासाठीं फोडलेली आर्त हांक. 'जबानी' म्हणजे जिभेनें सांगितलेली हकीकत. 'मुद्दा' हा अरबींतून आलेला. ज्या वस्तूवर दावा सांगितला जातो ती वस्तु, असा त्याचा अर्थ. म्हणून चोरापाशीं सांपडलेला, आणि ज्याच्यावर धन्यानें आपला हक्क सांगितला आहे असा माल, तो मुद्देमाल. वकिलांच्या युक्तिवादांतील मुद्दा आणि पोलिसांच्या कोठडींतील मुद्देमाल हे एकाच घराण्यांतले आहेत, हें पाहून गंमत वाटते. 'वहीम' हा शब्द मात्र मनांत ठेवण्यासारखा आहे. अरबींत 'वहम' म्हणजे भास, मनानें रचलेली कल्पना. संशयाला आपल्या भाषेनें भासाचें नांव दिलें. पुढें आपल्याला याची आठवण करावी लागणार आहे.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेल्या राज्यव्यवहारकोशांत रघुनाथपंतांनीं सुमारें १,४०० फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, हें सर्वश्रुत आहे. दरबारांतील पदव्या त्याप्रमाणें पालटल्या. पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य. परंतु चावडीवरची फिर्याद फिर्यादच राहिली. याचें कारण मला साधें दिसतें. दरबारी पदवी हुकुमानें बदलतां येते. ज्याचें घर फुटलें आहे तो मनुष्य ओरडतांना तोंडास येईल तोच शब्द वापरतो. बारामती गांवांतच पाहाना. बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनीं (१७२९ ते १७९४) तेथें संस्कृतप्रचुर आर्यांचा केवढा डोंगर रचला! त्याच गांवच्या चावडीवर त्याच काळीं जो दाद मागावयास येई, तो 'दाद' हा फारसी शब्दच घेऊन येई, आणि कोणालाहि त्यांत विसंगति वाटत नसे.

'पंचनामा' हा शब्द तर अर्धा संस्कृत व अर्धा फारसी. १८९८ आणि १९७३ या दोन्ही सालच्या फौजदारी प्रक्रिया संहितांच्या झडतीविषयक कलमांत त्या वस्तींतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांस साक्षीला बोलावावें एवढेंच सांगितलेलें होतें. पंचनामा हें नांव महाराष्ट्र-गुजरातच्या वहिवाटीनें दिलें. दक्षिणेकडे कर्नाटक-केरळांत याच कागदास 'महजर' म्हणतात. आपल्या इतिहाससंशोधकांस महजर हा शब्द निराळ्या अर्थानें परिचित आहे. गोतसभेनें वतनाच्या तंट्याचा जो निवाडा केला, त्याचा कागद म्हणजे महजर. त्याच्यावर जमलेल्यांच्या सह्या असत, आणि ज्यांना अक्षरओळख नसे त्यांच्या निशाण्या असत: पाटलाचा नांगर, कारागिरांचीं आपापलीं हत्यारें. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांदेखत गोष्ट घडली त्यांनीं ती मान्य केल्याखेरीज सत्य ठरत नाहीं, ही समजूत या कागदाच्या मुळाशीं आहे. होम्सला पंच लागत नाहींत. त्याचा एकुलता एक पंच म्हणजे डॉक्टर वॉटसन. आणि तो जिवलग मित्र असल्यामुळें आपल्या कोर्टांतील उलटतपासणींत तो कितपत टिकला असता, याची शंकाच आहे.

आतां 'क्लू' कडे वळूं. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक पुराणांतील थीसियस हा वीर चक्रव्यूहासारख्या वाड्यांतून सुताच्या आधारानें बाहेर पडला, त्या कथेवरून त्याला आजचा अर्थ आला. मराठींत आपण 'धागादोरा' म्हणतों. दोन दूरच्या भाषांना एकच सूत सुचावें हा मजेचा योगायोग आहे. पण धागा घरीं बसूनहि ओढतां येतो. 'माग' हा शब्द तसा नाहीं. माग काढणाऱ्यास उठून चालावें लागतें. आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत गुन्ह्याचा शोध म्हणजे प्रथमतः आणि मुख्यतः हें चालणें होतें.

रात्रीं घर फुटलें, किंवा गोठ्यांतून बैल नाहींसा झाला, कीं पहांटे पहिलें बोलावणें जाई तें जागल्याला. जागल्या हा गांवचा वतनदार नोकर. कोठें तो महार असे, कोठें भिल्ल. पुणें जिल्ह्याच्या या बाजूस पुष्कळ गांवीं रामोशी. रात्रीं गस्त घालावी, गांवांत आलागेला कोण याची खबर पाटलाला द्यावी, कोणाचा हात लांब आहे व कोणाच्या घरीं उत्पन्नापेक्षां खर्च अधिक चालतो हें लक्षांत ठेवावें, हीं त्याचीं नित्याचीं कामें. त्याबद्दल त्याला पिकांतून बलुतें व कोठें कोठें इनाम जमीन मिळे. चोरी झाल्यावर त्याचें खरें काम सुरू होई. उंबऱ्यापासून चोराचीं पावलें धरून तो निघे आणि शिवेपर्यंत जाई. १८१९ सालीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या पद्धतीचें वर्णन आहे. पावलें शेजारच्या गांवच्या हद्दींत शिरलीं आणि त्या गांवच्या जागल्याची तशी खात्री पटली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे. दुसऱ्यानें तो माग उचलून पुढें न्यावयाचा. याप्रमाणें शीव ओलांडीत माग ज्या शेवटच्या गांवीं जाऊन थांबे, तें गांव चोरीच्या मालाचें देणें लागे. प्रथम जागल्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें भरावें. उरलेलें साऱ्या गांवावर बसे.

या नियमाचें मर्म क्षणभर थांबून पाहण्यासारखें आहे. होम्सनें पावलांवरून काढलेलें अनुमान ऐकणारा 'द साइन ऑफ फोर' मधील पोलीस अधिकारी ॲथेल्नी जोन्स हा अर्धवट जाणता, आणि त्याच्या खिशाला कसलीहि तोशीस नाहीं. शिवेवर उभ्या असलेल्या जागल्याचें तसें नव्हतें. त्यानें 'होय, पावलें माझ्या हद्दींत आलीं' असें म्हटलें कीं त्याच्या घरावर व त्याच्या गांवावर भुर्दंड आला. म्हणजे अनुमान पटवावयाचें तें आपल्याइतक्याच जाणत्या मनुष्याला, आणि तेंहि त्याचें नुकसान होत असतां! टाच कोठें अधिक रुतली, चालणारा ओझें घेऊन होता कीं रिकामा, एका पायानें लंगडत होता काय, वाटेंत थांबून मागें कां पाहिलें, याचा उलगडा जमिनीवर बोट ठेवून करावा लागे. तर्कशास्त्राच्या परीक्षेला याहून कडक परीक्षक मिळणें कठीण. अर्थात् माणसें तीं माणसेंच. पावलांवरून मुद्दाम गुरें हांकणें, दुबळ्या गांवाकडे खोटा माग लावून देणें, शिवेवर हातघाईस येणें, हें सारें घडत असणार. ज्या व्यवस्थेंत सत्य मान्य करणारालाच दंड बसतो, तेथें तें न घडतें तरच नवल.

होम्सनें पावलांच्या ठशांविषयीं एक निबंध लिहिला असून ठसे टिकविण्यास प्लास्टर ऑफ पॅरिसचा उपयोग कसा करावा हें त्यांत सांगितलें आहे, असा उल्लेख याच कादंबरींत येतो. गुजरातेंतील पागी आणि सिंध-पंजाबांतील खोजी हे ठसा वाऱ्यानें पुसूं नये म्हणून त्यावर भांडें पालथें घालीत. साधन निराळें, बुद्धि तीच. त्याच कथेंत टोबी नांवाचा कुत्रा गुन्हेगाराच्या पायाला लागलेल्या क्रिओसोटच्या वासावरून लंडनच्या रस्त्यांतून धांवत सुटतो, आणि वाटेंत दोन वास मिसळल्यामुळें शेवटीं क्रिओसोटच्या एका पिंपासमोर मोठ्या विजयानें उभा राहतो. भीमथडींतल्या जागल्यानें हा प्रसंग वाचला असता तर तो हंसला नसता. दोन माग एकत्र झाल्यावर काय होतें हें त्याला ठाऊक होतें.

१८१८ सालीं पेशवाई गेली. खेड्यांतील चौकीपहाऱ्याची पद्धत इंग्रजांनीं एकदम मोडली नाहीं. पण तिच्या मुळांतील हिशेब हळूहळू पालटला. वतनें तपासलीं गेलीं, हक्क तोडले गेले, गडकिल्ल्यांच्या शिबंदीची चाकरी संपली. शेजारच्या पुरंदर भागांतील रामोश्यांना याची पहिली झळ लागली आणि उमाजी नाईक उठला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्याला पुण्यास फांशी देण्यांत आलें. त्याच्या पाठलागांत ज्याचा मोठा भाग होता त्या कॅप्टन ॲलेक्झांडर मॅकिंटॉशनें पुढल्याच वर्षीं, १८३३ सालीं, रामोश्यांच्या उत्पत्तीविषयीं व स्थितीविषयीं एक ग्रंथ लिहून प्रसिद्ध केला.

कोशांचा हा काळ मोठा नमुनेदार आहे. १८३१ सालीं मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८३३ सालीं मॅकिंटॉशचा ग्रंथ आला. १८३६ सालीं कर्नल स्लीमननें ठगांच्या सांकेतिक भाषेचा 'रामसियाना' हा कोश छापला. (ठगांची 'रामसी' आणि आपले रामोशी यांचा संबंध केवळ ऐकण्यापुरता आहे, नांवसाधर्म्यावर विसंबून तर्क करणाऱ्यांना होम्सनेंहि दटावलें असतें.) पहिल्या कोशांत राज्यकर्ते आपल्या लोकांची भाषा शिकत होते, पुढच्या दोन ग्रंथांत ते आपल्यांतील कांहीं लोकांना गुन्हेगार म्हणून शिकूं लागले. शब्द गोळा करण्याची हौस तीच, पण कोश वाचणाराची नजर बदलली.

'चोराचीं पावलें चोराला ठाऊक' अशी आपल्यांत एक म्हण आहे. जोंवर माग काढणें हें गांवचें काम होतें तोंवर या म्हणीला विनोदाची धार होती. एकदां पगारी पोलीस आला, वेगळें ठाणें झालें, फौजदार घोड्यावर बसून चौकशीस येऊं लागला, म्हणजे त्याच म्हणीचा अर्थ भलता होतो: ज्याला पावलें ठाऊक, तोच चोर. १८६७ सालच्या ग्रामपोलीस कायद्यानें पोलीस-पाटील सरकारी साखळींत बसला. जागल्याचें बलुतें आटत गेलें. कोरडवाहू मुलखांत बलुतें आटलें म्हणजे कांहीं जण खरोखरच चोरीकडे वळले असतील. तें झांकण्याचें कारण नाहीं. पण कांहींच्या गुन्ह्यावरून साऱ्या जातीवर शिक्का बसविणें हें निराळें. १९०८ सालीं मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक लिहिलें, त्यांत रामोश्यांना स्थान मिळालें. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई इलाख्याला लागू नव्हता. १९११ च्या कायद्यानें ती उणीव भरून निघाली. ज्यांचीं नांवें नोंदलीं जात त्यांना हजेरी द्यावी लागे, आणि त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्याच कायद्यानें दिलेला होता.

येथें 'वहीम' हा शब्द आठवावा. मनाची कल्पना या अर्थी आलेला शब्द आतां छापील नोंदवहीचें रूप घेऊन बसला होता. बोटांच्या ठशांची गोष्ट तर अधिक बोचक आहे. १८५८ सालीं विल्यम हर्शेल यानें बंगालमध्यें एका ठेकेदाराकडून करारावर पंज्याचा ठसा उमटवून घेतला. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, आणि तिच्या वर्गीकरणाच्या पद्धतींत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अधिकाऱ्यांच्या बुद्धीचा मोठा वांटा होता. होम्सच्या १९०३ सालच्या एका कथेंत भिंतीवरील अंगठ्याचा ठसाच निर्णायक ठरतो. ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे वाचले, त्यांचे स्वतःचे ठसे कोणा कारकुनाच्या कपाटांत जाऊन पडावेत, हें त्या नव्या शास्त्राचें आपल्या मुलखांतलें एक फळ. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत रामोशी हें नांव आहे. 'विमुक्त' या शब्दांतच कसल्या तरी बंधनाची कबुली शिल्लक राहिलेली आहे.

शहरांतील जुन्या घरांना मात्र या शब्दाचा दुसराच अर्थ आठवेल. पुण्यांतल्या वाड्याच्या देवडीवर रात्रीं 'रामोशी ठेवीत'. म्हणजे ज्याच्यावर सरकारचा वहीम, त्याच्याच हातीं सावकाराच्या घराची किल्ली! दोन्ही अर्थ एकाच वेळीं प्रचलित होते आणि दोन्ही वापरणारे लोक एकाच पेठेंत राहत. कोशकारानें काय लिहावें?

या सर्व शब्दांची एकदम कसोटी लागली ती १२ मे १८७५ रोजीं, सुपें येथें. हें बाजाराचें गांव तेव्हां भीमथडींत होतें, आतां बारामती तालुक्यांत आहे. त्या दिवशीं जमावानें सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं; त्याच सुमारास चौदा मैलांवरील केडगांवीं एका बड्या सावकाराचें घर जाळण्यांत आलें, आणि पुढें दंग्याचें लोण इंदापूर तालुक्यासह पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत याची नोंद आहे. कारणें पुष्कळांनीं सांगितलेलीं आहेत: अमेरिकेंतील यादवीच्या काळांत चढलेला कापसाचा भाव खालीं आला, सारा वाढला, कर्ज तुंबलें. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. जमावाला हवे होते कागद. कर्जरोखे, खतें, कोर्टाचे हुकूमनामे. ते मुकाट्यानें हातीं दिले तर बहुधा पुढील दांडगाई होत नसे, आणि सावकारांच्या जिवाला त्यांनीं सहसा हात लावला नाहीं.

हेरकथेच्या परिभाषेंत मांडून पाहा. येथें हेतु जो, तोच मुद्देमाल. आणि मुद्देमाल जो, तोच पुरावा. आणि पुरावा तर चौकांत जळून गेलेला. गुन्हेगार कोण, या प्रश्नाला उत्तर 'गांव'. माग काढावयाचा तर तो शिवेपलीकडे जातच नाहीं. आगाथा ख्रिस्तीबाईंच्या एका आगगाडींतील कादंबरीचा शेवट ज्यांना ठाऊक आहे त्यांना सुप्याची अडचण चटकन् समजेल. ज्यांनीं ती वाचलेली नाहीं त्यांच्यासाठीं मी अधिक बोलत नाहीं. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोक पकडले गेले आणि ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला. बाकीचे जवळजवळ निम्मे सुटले. सरकारनें गांवोगांव पोलिसांचीं ठाणीं बसविलीं. व्यक्ति शोधून तिलाच शिक्षा करावयाची, या नव्या न्यायाचा अभिमान मिरविणाऱ्या राज्याला साऱ्या गांवावर ठाणें बसवावें लागलें! शिवेवरच्या जुन्या जागल्यानें यावर काय म्हटलें असतें, याची कल्पना करण्याजोगी आहे.

चौकशी झाली, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांतील एक तरतूद मला फार बोलकी वाटते. शेतकऱ्याचा दस्तऐवज यापुढें ग्राम-निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, नाहीं तर तो ग्राह्य नाहीं. कुणब्याची तक्रार अशीच होती कीं सावकारानें काय लिहिलें तें आम्हांस कळलें नाहीं, आम्ही फक्त निशाणी केली. नांगराची निशाणी गोतसभेच्या महजरावर ज्या विश्वासानें उमटे, तो विश्वास कर्जरोख्यावर उमटतांना राहिला नव्हता. चित्र तेंच; पण त्याच्या वरचा मजकूर आतां सभेंत मोठ्यानें वाचून दाखविलेला नसे.

यादींतला एक शब्द मी मुद्दाम शेवटीं ठेवला आहे. 'अलिबी' ला मराठींत एकपदी प्रतिशब्द रूढ नाहीं. 'अन्यत्र उपस्थिति' असा शास्त्रशुद्ध शब्द आहे, पण तो साक्षीदाराच्या तोंडीं कधीं ऐकूं येत नाहीं. तो म्हणतो, 'त्या राती ह्यो गांवांत नव्हताच.' मूळ लॅटिन शब्दाचा अर्थहि 'दुसऱ्या ठिकाणीं' इतकाच. ज्या समाजांत कोण गांवांत आहे व कोण नाहीं हें जागल्याला नेहमींच ठाऊक असे, तेथें या गोष्टीला वेगळें नांव देण्याची निकड भासली नसेल, असा माझा तर्क. कोणी खोडून काढल्यास मला आनंदच होईल. 'डिटेक्टिव्ह' चेंहि तसेंच. 'हेर' हा आपला जुना शब्द, आणि 'हेरणें' हें क्रियापद किती सुंदर आहे! पण हेर हा राजाचा माणूस. शिवकाळांतील बहिर्जी नाईक हें त्याचें उत्तम उदाहरण. फी घेऊन कोणाहि गृहस्थाच्या घरचें कोडें सोडविणारा खासगी मनुष्य आपल्या व्यवहारांत नव्हता. त्याला मराठी घरांत आणलें तें रहस्यकथाकारांनीं. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनीं या चावडीवरच्या शब्दांना शहरी पोशाख चढविला आणि वाचनालयांच्या फळ्या भरून टाकल्या. ब्योमकेशाचा जनक शरदिंदु बंद्योपाध्याय हा बंगाली लेखकहि पुढें पुण्यांतच येऊन राहिला. त्यामुळें या शहराचा हेरकथेवर थोडासा हक्क पोंचतो असें म्हणावयास हरकत नसावी.

ज्या जमिनीवर हे शब्द चालले ती आतां पुष्कळ बदलली आहे. नीरेच्या डाव्या कालव्यानें या कोरड्या मुलखांत पाटाचें पाणी आणलें. जेथें धुळींत पाऊल दिवसभर टिके तेथें ऊंस उभा राहिला. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्यांतील कित्येक गांवें जुन्या जागीं पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें देऊळ धरण आटलें कीं वर येतें आणि लोक पाहावयास जातात. त्या पाण्याखालीं गांवोगांवच्या शिवाहि आहेत. जेथें एक जागल्या थांबे आणि दुसरा माग उचली, त्या जागा आतां मासेमारांच्या होड्यांखालीं आहेत.

वंशपरंपरागत पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. पोलीस-पाटील आहे, पण तो आतां नेमलेला असतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या, प्रक्रिया संहितेच्या व पुराव्याच्या कायद्याच्या जागीं तीन नवे कायदे आले असून त्यांचीं नांवें संस्कृत आहेत. रघुनाथपंतांना समाधान वाटलें असतें. त्यांतील नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाप्रमाणें झडती व जप्तीचें चित्रमुद्रण करावें लागतें, आणि तें शक्यतों मोबाइल फोनवर. सुप्यास किंवा इंदापुरास आज घरफोडी झाली तर पोलीस दाराशीं फोन उभा धरतात, शेजारचे दोघे पंच म्हणून बोलावतात, आणि मग कोणी तरी कागद काढून त्याच्या माथ्यावर लिहितो: पंचनामा.